बॅट धरायची कशी?

पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एक गोष्ट अनुभवाने माहीत असते. मुलाने पेन्सिल अवघड पद्धतीने धरली आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत ती कोणी सुधारली नाही, तर चौथी-पाचवीपर्यंत तीच पकड पक्की होऊन बसते. मूल लिहिते, पण हात लवकर भरून येतो. तेव्हा सुधारायला जावे तर अक्षर काही दिवस आणखी बिघडते आणि मूल कंटाळून पुन्हा जुन्या पकडीकडे वळते. टेबल टेनिसच्या बॅटचेही असेच आहे.

शाळेत बहुधा एखादेच टेबल असते आणि तासाला तीस-चाळीस मुले. चेंडू कसा मारायचा ते शिक्षक सांगतात, गुण कसे मोजायचे ते सांगतात; बॅट कशी धरायची हे मात्र सांगायचे राहून जाते. ज्या मुलाने योगायोगाने सोयीची पकड घेतली त्याला खेळ ‘येतो’, ज्याने गैरसोयीची घेतली त्याला ‘जमत नाही’. महिन्याभरात हे दुसरे मूल आपणहून टेबलापासून दूर होते. पुष्कळदा या दोन मुलांच्या कुवतीत फरक नसतो, तो असतो बोटांच्या ठेवणीत. म्हणून नवशिक्या मुलासाठी पकड निवडताना कोणता विचार करावा, हे या लेखात पाहू. हा विचार खेळाचा आहे तितकाच शरीररचनेचा आणि पदार्थविज्ञानाचाही आहे.

(खेळाच्या नियमांत ‘रॅकेट’ असा शब्द आहे. पण आपली मुले तिला बॅटच म्हणतात, म्हणून इथेही बॅटच म्हणू. धरायच्या भागाला दांडा आणि मारायच्या भागाला फळी म्हणू.)

नियम काय सांगतात?

बॅटची फळी सपाट आणि ताठ असावी, तिच्या जाडीचा किमान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असावा, असे नियम सांगतात. बॅटचा आकार, आकारमान आणि वजन यांवर बंधन नाही. ती धरावी कशी, याबद्दल तर एक अक्षरही नाही. उलट बॅट धरलेल्या हाताचा मनगटाखालचा भाग हा बॅटसारखाच मानतात. चेंडू बोटाला लागून पलीकडे गेला तरी फटका वैध ठरतो. म्हणजे अमुक पकड ‘बरोबर’ आणि तमुक ‘चूक’ असे नियमांनी ठरत नाही. ते ठरते दोन गोष्टींनी : बॅटला काय करायचे आहे आणि आपला हात काय करू शकतो.

बॅटला काय करायचे असते?

टेबलाची लांबी २.७४ मीटर, रुंदी १.५२५ मीटर आणि जाळीची उंची १५.२५ सेंटिमीटर असते. चेंडूचा व्यास ४० मिलिमीटर आणि वजन अवघे २.७ ग्रॅम. इतक्या हलक्या चेंडूला मारायला फार ताकद लागत नाही. लागतो तो नेमका कोन.

आरशावर पडलेला प्रकाशकिरण आठवा. आरसा १ अंशाने फिरवला तर परावर्तित किरण २ अंशांनी फिरतो. स्थिर धरलेल्या बॅटवरून उडणारा चेंडू ढोबळमानाने असाच वागतो. (रबराचे घर्षण आणि चेंडूची फिरकी यांमुळे प्रत्यक्षात फरक पडतो, पण अंदाजासाठी हे पुरेसे आहे.) बॅटचा कोन ५ अंशांनी चुकला तर चेंडूची दिशा सुमारे १० अंशांनी चुकेल. टेबलाच्या लांबीइतक्या अंतरावर ही चूक जवळजवळ ४८ सेंटिमीटर होते. जाळी तर फक्त १५ सेंटिमीटर उंच आहे! हातातली बॅट नकळत थोडी कलली, की चेंडू एकतर जाळीत जातो किंवा टेबलाबाहेर.

दुसरी अडचण वेळेची. त्यासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करून पहा. फूटपट्टीचे वरचे टोक तुम्ही धरा. शून्याची खूण खाली, मुलाच्या अंगठा आणि तर्जनी यांच्या मधोमध असू द्या. न सांगता पट्टी सोडा. मुलाने ती चिमटीत पकडायची. जिथे पकडली तो आकडा वाचा आणि पुढील कोष्टकावरून वेळ काढा.

१० सेंटिमीटर – ०.१४ सेकंद
१५ सेंटिमीटर – ०.१७ सेकंद
२० सेंटिमीटर – ०.२० सेकंद
२५ सेंटिमीटर – ०.२३ सेकंद

(आठवी-नववीच्या मुलांना ही उत्तरे मुक्त पतनाच्या समीकरणावरून काढायला सांगावीत.)

बहुतेकांचा वेळ ०.२ सेकंदाच्या आसपास येतो. आता चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने येतो असे धरू. मुलांच्या साध्या खेळासाठी हे ठीक आहे. चांगले खेळाडू याहून पुष्कळ जोरात मारतात. ३ मीटर अंतर तोडायला त्याला ०.३ सेकंद लागतील. त्यातले ०.२ सेकंद नुसते ‘चेंडू कुठे आला’ हे कळून हात हलू लागण्यातच गेले. उरले ०.१ सेकंद. एवढ्यात बोटे उचलून बॅट नव्याने धरणे शक्य नाही.

यातून पकडीच्या दोन कसोट्या मिळतात. एक, बॅटचा कोन बारकाईने बदलता आला पाहिजे. दोन, उजवीकडचा आणि डावीकडचा चेंडू बोटांची जागा न बदलता खेळता आला पाहिजे.

हाताच्या दोन पकडी

जॉन नेपियर या ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञाने १९५६ साली हाताच्या पकडींचे दोन मुख्य प्रकार सांगितले. एक जोराची पकड : वस्तू तळहात आणि वाकवलेली बोटे यांच्यात दाबून धरायची, जशी आपण हातोडी धरतो. दुसरी नेमकेपणाची पकड : वस्तू अंगठा आणि बोटांची टोके यांच्यात धरायची, जशी आपण सुई किंवा पेन्सिल धरतो. जोराच्या पकडीत वस्तू निसटत नाही, पण बोटांना ती फिरवता येत नाही. नेमकेपणाच्या पकडीत ती हवी तशी फिरवता येते, पण जोर कमी पडतो.

क्रिकेट खेळून आलेली मुले टेबल टेनिसची बॅट पहिल्यांदा हातात घेतात तेव्हा पाची बोटे दांड्याभोवती आवळून, हातोडीसारखी धरतात. जोर मिळतो, नेमकेपणा जातो. या खेळाला दोन्ही हवे असते. ते साधण्याचे दोन मार्ग खेळाडूंनी शोधले आहेत.

शेकहँड पकड

नावाप्रमाणेच ही हस्तांदोलनासारखी पकड आहे. दांडा तळहातात तिरका येतो. मधले बोट, अनामिका आणि करंगळी त्याच्याभोवती सैलसर गुंडाळलेली असतात. अंगठा फळीच्या एका बाजूला, दांड्याच्या अगदी जवळ टेकतो. तर्जनी दुसऱ्या बाजूला, फळीच्या खालच्या कडेला समांतर आडवी राहते. फळीची कड अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्याच्या मध्यावर यावी. तीन बोटे बॅट धरतात, उरलेली दोन सुकाणूचे काम करतात.

या पकडीची सोय समजण्यासाठी कोपर कमरेजवळ ठेवून काटकोनात वाकवा. मुठीत फूटपट्टी उभी धरा, अंगठा वरच्या बाजूला. आता दंड न हलवता फक्त कोपरापुढचा हात फिरवा. पट्टी आतल्या बाजूला जवळजवळ आडवी होते, तशीच बाहेरच्या बाजूलाही होते. कोपरापुढच्या हातात दोन लांब हाडे असतात आणि त्यांतले एक दुसऱ्याभोवती फिरू शकते, म्हणून हे जमते. शेकहँड पकडीत बॅट या फिरण्याच्या मधल्या स्थितीत असते. एका दिशेला फिरवली की फोरहँडची बाजू पुढे झुकते, उलट दिशेला फिरवली की बॅकहँडची. दोन्हीकडे सारखाच वाव मिळतो आणि बोटे जागची हलत नाहीत.

या पकडीची उणीवही आहे. चेंडू नेमका उजव्या कोपराच्या रोखाने आला, तर फळीची कोणती बाजू वापरावी हे ठरवण्यात क्षण जातो. जाणकार प्रतिस्पर्धी मुद्दाम तिथेच मारतो.

पेनहोल्ड पकड

यात बॅट लेखणीसारखी धरतात. दांडा अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातून वर येतो, ही दोन बोटे पुढच्या बाजूने त्याला चिमटीत घेतात, उरलेली तीन मागच्या बाजूला टेकतात आणि फळी खाली किंवा बाजूला झुकलेली असते. यासाठीच्या बॅटचा दांडा आखूड असतो. मनगट मोकळे राहते, त्यामुळे सर्व्हिस करताना आणि टेबलावरच संपणारा आखूड चेंडू खेळताना फायदा होतो. जुन्या पद्धतीत फळीची एकच बाजू दोन्हीकडे वापरत असल्यामुळे अंगावर आलेल्या चेंडूला ‘कोणती बाजू?’ हा प्रश्नच पडत नाही.

पण त्याची किंमत मोजावी लागते. वहीचा पुठ्ठा लेखणीसारखा धरा. त्याची पुढची बाजू भिंतीकडे असू द्या. हात उजवीकडे असताना हे सहज जमते. आता तीच बाजू भिंतीकडे ठेवून हात शरीरासमोरून पार डावीकडे न्या. कोपर बाहेर निघते, मनगट मुरडते आणि खांद्याला ताण जाणवतो. या स्थितीत चेंडू अडवता येतो, पण जोरात मारणे कठीण. म्हणून जुन्या पद्धतीचे पेनहोल्ड खेळाडू डावीकडचा चेंडूही धावत जाऊन फोरहँडने मारत. त्यासाठी पाय फार चपळ लागत. १९९० च्या दशकात चीनच्या लिउ ग्वोलियांग याने फळीची मागची बाजूही बॅकहँडसाठी वापरण्याची पद्धत पुढे आणली आणि ही उणीव बरीच भरून निघाली.

या दोन्हींहून वेगळ्या पकडीही आहेत. अमेरिकेच्या डॅनी सीमिलरने १९७० च्या दशकात एक निराळीच पकड गाजवली. तीत फळीची एकच बाजू दोन्हीकडे वापरली जाते. तिच्या वाटेला मात्र थोडेच खेळाडू गेले.

श्रेय कोणाचे?

१९५२ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत झाली. आशियात ती प्रथमच होत होती. जपानच्या हिरोजी सातोने पुरुष एकेरीचे विजेतेपद मिळवून सर्वांना चकित केले. सातो पेनहोल्ड पकडीने खेळत असे. मग हा पेनहोल्डचा विजय म्हणायचा का? घाई करू नये. त्याच्या बॅटवर जाड स्पंज होता, जो प्रतिस्पर्ध्यांना नवा होता. चेंडू वेगळ्याच वेगाने उडे, आणि फटक्याचा नेहमीचा आवाज न आल्यामुळे फटका ओळखणेही अवघड जाई. दोन गोष्टी एकाच वेळी वेगळ्या असतील, तर परिणाम कोणत्या गोष्टीमुळे झाला हे एका निरीक्षणावरून सांगता येत नाही. प्रयोगशाळेत आपण मुलांना हेच शिकवतो.

थोडी जास्त उदाहरणे घेऊ. जपानचा इचिरो ओगिमुरा (१९५४ आणि १९५६) आणि चीनचा च्वांग त्सतुंग (१९६१, १९६३ आणि १९६५) हे जगज्जेते पेनहोल्डवाले होते. टेबल टेनिस १९८८ मध्ये ऑलिंपिकमध्ये आले. तेव्हापासून २०२४ पर्यंतच्या १० ऑलिंपिकमध्ये पुरुष एकेरीचे सुवर्णपदक ४ वेळा पेनहोल्ड आणि ६ वेळा शेकहँड खेळाडूंना मिळाले. २००८ च्या मा लिन याच्यानंतर मात्र हे सुवर्ण कोणाही पेनहोल्ड खेळाडूला मिळालेले नाही. चीनच्या आघाडीच्या खेळाडूंतही आता शेकहँडवालेच जास्त आहेत.

पूर्वेकडचे लोक चॉपस्टिकने जेवतात म्हणून ते पेनहोल्ड धरतात, असे एक स्पष्टीकरण ऐकू येते. पण चॉपस्टिक तर आजही तशाच आहेत, बदलली ती पकड. मुले समोर जे पाहतात ते उचलतात, हे कारण जास्त पटण्यासारखे आहे. फ्रान्सच्या फेलिक्स लेब्राँने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एकेरीचे कांस्यपदक पेनहोल्ड पकडीने मिळवले. त्याचा थोरला भाऊ अलेक्सिस हाही अव्वल खेळाडू आहे, आणि तो शेकहँडने खेळतो. घर एक, देश एक, पकडी दोन.

मग नवशिक्याने कोणती घ्यावी?

आपल्या शाळांतल्या मुलांसाठी शेकहँडने सुरुवात करणे सोयीचे, याला तीन कारणे आहेत. दोन्ही बाजूंचे फटके सारख्याच सहजतेने शिकता येतात. पायांचे काम कच्चे असतानाही खेळ चालू राहतो, आणि खेळ चालू राहिला तरच मूल टिकते. शिवाय आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक बॅटा लांब दांड्याच्या, म्हणजे याच पकडीसाठी केलेल्या असतात.

पण एखादे मूल पेनहोल्डने आरामात खेळत असेल, चेंडू नेमका टाकत असेल, तर केवळ इतरांहून वेगळे दिसते म्हणून त्याची पकड मोडू नये. त्याला आखूड दांड्याची बॅट मिळते का ते पहावे आणि फळीची मागची बाजूही लवकर वापरायला शिकवावी. डावखुऱ्या मुलाचा हात तर मुळीच बदलू नये. त्याला शिकवणे उलट सोपे आहे : तुम्ही उजव्या हाताने खेळत असाल तर त्याच्यासमोर उभे रहा आणि आरशात पाहिल्यासारखी नक्कल करायला सांगा.

लहान हातांसाठी बारीक दांड्याची बॅट निवडावी. टोकाकडे रुंद होत जाणारा दांडा नवशिक्याला बरा, कारण सैल धरूनही तो निसटत नाही.

किती घट्ट धरावी?

पकड कोणतीही असो, नवशिक्या मुलाची सर्वांत मोठी अडचण एकच असते : बॅट फार आवळून धरणे. त्याने काय होते ते मुलांना स्वतःच्या हातावर अनुभवू द्या.

डाव्या हाताने उजव्या हाताला कोपराच्या जरा पुढे धरा आणि उजवी मूठ आवळा. कोपरापुढच्या हाताचे वरचे आणि खालचे, दोन्ही बाजूंचे स्नायू टणक झालेले लागतील. बोटे वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते इथे असतात आणि कंडरांच्या लांब दोऱ्यांनी बोटे ओढतात. मूठ आवळताना मनगट स्थिर रहावे म्हणून विरुद्ध बाजूचे स्नायूही ताणले जातात. रस्सीखेचीत दोन्ही संघ सारख्याच जोराने ओढू लागले की दोरी जागची हलत नाही, दमतात मात्र सगळे. मनगटाचे तसेच होते. आवळलेल्या मुठीने मनगट वर-खाली हलवून पहा, मग मूठ सैल करून हलवा. फरक लगेच कळेल.

दुसरा प्रयोग. मुलाला मुठीत पेन्सिल घट्ट धरायला सांगा आणि तुम्ही ती हळूच ओढा. मग मनगट तळहाताच्या बाजूला पूर्ण वाकवून धरायला सांगा आणि पुन्हा ओढा. या वेळी पेन्सिल सहज सुटते. मनगट वाकल्यावर बोटे मिटणारे स्नायू आधीच आखडलेले असतात, त्यांना आणखी ओढायला जागा उरत नाही. म्हणून शेकहँड पकडीत बॅट लोंबती न ठेवता हाताच्या रेषेत ठेवावी. मनगट सरळ असले की थोड्या जोरात बॅट नीट धरली जाते.

पकड तपासण्याच्या चार खुणा

१. मुलाला एका बाजूवर चेंडू २० वेळा उडवायला सांगा, मग दुसऱ्या बाजूवर, मग आलटून पालटून. या वेळात बोटे सरकता कामा नयेत.

२. तुम्ही फळी धरून हलकेच ओढा. थोड्या प्रयत्नाने ती हातातून निघाली पाहिजे. मुळीच निघत नसेल तर पकड आवळलेली आहे.

३. अंगठ्याचे नख पहा. ते पांढरे पडले असेल तर अंगठा फळीवर फार दाबला जात आहे.

४. तर्जनी फळीच्या मध्यावर सरळ वर गेली आहे का ते पहा. तशी असेल तर मनगट अडखळते आणि चेंडू बोटावर बसतो. ती खालच्या कडेला आणावी.

एक अपवाद सांगायला हवा. नामवंत शेकहँड खेळाडू सर्व्हिस करताना मागची तीन बोटे दांड्यावरून सोडून बॅट चिमटीत धरतात, म्हणजे मनगट जास्त फिरते. हे दूरदर्शनवर पाहून मुले विचारतील. उत्तर वेळेच्या हिशेबात आहे. सर्व्हिस हा एकच फटका असा, की जो केव्हा मारायचा ते आपण ठरवतो. पकड बदलायला तेव्हा सवड असते. चेंडू पलीकडे जाऊन परत येईपर्यंत बोटे मूळ जागी आणावी लागतात. नवशिक्याने हे नंतर शिकावे.

ज्या मुलांची पकड आधीच पक्की झाली आहे, त्यांच्या बाबतीत एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आधी तर्जनी, ती बसली की अंगठा, मग आवळणे. रोज पाच मिनिटे नुसता चेंडू उडवण्यापासून सुरुवात करावी, गुण मोजू नयेत. पहिल्या काही दिवसांत खेळ थोडा बिघडेल हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. न सांगितल्यास ते समजते की आपण मागे पडलो. सांगितले तर वाट पाहते.

नवे सत्र सुरू झाले की पहिल्याच तासाला जाळी बांधण्याआधी सर्व मुलांना बॅट धरून रांगेत उभे करा आणि एकेकाचा हात पहा. चाळीस मुलांना वीस मिनिटे लागतील.